स्क्रबर टॉवर धुतला तरी महिन्याभरात परत डीपी वाढतो, वास येतो: कुठून तपासायला सुरुवात करायची

हे सगळं रिॲक्टरचा गॅस धुऊन काढणाऱ्या, कॉस्टिकवर (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणावर) चालणाऱ्या पॅक्ड टॉवर स्क्रबरबद्दल आहे. म्हणजे आपल्या एमआयडीसीतल्या प्लांटमध्ये रिॲक्टरच्या व्हेंटला जोडलेला तो पीपीचा (पॉलीप्रॉपिलीन प्लास्टिकचा) नाहीतर एफआरपीचा (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकचा) उभा टॉवर, आत पॉल रिंग भरलेल्या (भोकाभोकांच्या छोट्या कड्या, हेच पॅकिंग), बाजूच्या टाकीतून पंपाने चढवलेलं कॉस्टिक वरून पडतं, खालून गॅस चढतो, पुढे ब्लोअर आणि चिमणी. लोटे आणि महाड भागात काम करताना हा एकच फॉल्ट मी इतक्या वेळा काढलाय की आता फोनवर "साहेब, स्क्रबर परत गेला" ऐकलं की पहिले चार प्रश्न तोंडपाठ आहेत, तेच इथे लिहितोय. आकडे देताना डोळ्यासमोर ८०० मिमी व्यासाचा, ३ मीटर पॅकिंगचा, २५ मिमीच्या पीपी पॉल रिंगचा टॉवर आहे आणि गॅस थायोनिल क्लोराइडच्या बॅचचा, म्हणजे सल्फर डायऑक्साइड आणि एचसीएल (हायड्रोजन क्लोराइड). तुमचा टॉवर वेगळा असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

आधी लक्षणं

सगळ्यात आधी एकच गोष्ट नीट विचारा, वास नक्की कुठे येतोय? चिमणीपाशी की रिॲक्टरच्या मॅनहोलपाशी? सगळे नुसतं "वास येतोय" म्हणतात आणि इथेच अर्धा दिवस जातो. रिॲक्टरपाशी वास म्हणजे गॅस टॉवरपर्यंत ओढलाच जात नाहीये, ड्राफ्ट (ब्लोअरची ओढ) गेलाय, कुठेतरी चोक आहे. चिमणीला वास म्हणजे गॅस टॉवरमधून जातोय पण धुतला जात नाहीये, म्हणजे कॉस्टिक संपलंय किंवा ते सगळीकडे पडत नाहीये. दोन्ही आजार वेगळे आहेत आणि दोन्हीला पॅकिंग धुणं हे पहिलं औषध नाही.

दुसरं डीपी, म्हणजे पॅकिंगच्या खालच्या आणि वरच्या दाबातला फरक. नवीन पॅकिंगवर आमच्या टॉवरला साधारण ५५ ते ६० मिमी पाणी दाखवायचं, म्हणजे पॅकिंगच्या दर मीटर उंचीला २० च्या आसपास, आणि मीटरला २० ते ४० मध्ये असे टॉवर सुखाने चालतात. हळूहळू दोन-तीन आठवड्यांत चढत गेला तर आत काहीतरी साठतंय. एका तासात चढला आणि काटा नाचायला लागला तर टॉवर फ्लड होतोय, म्हणजे खाली यायचं पाणी गॅसने वर अडवून धरलंय, किंवा फेस झालाय. डीपी नेहमीपेक्षा कमी आणि चिमणीला वास असेल तर पाणी पोचत नाहीये. डीपी अगदी नॉर्मल आणि तरी वास, तर बहुतेक वेळा केमिस्ट्रीचा प्रश्न असतो.

तिसरं ब्लोअरचे अँपिअर, इथे भलेभले फसतात. डीपी वाढला म्हणजे ब्लोअरवर लोड वाढला असणार, अँपिअर वाढायला पाहिजेत, असं वाटतं ना? आपल्याकडच्या बहुतेक सेंट्रिफ्युगल ब्लोअरला उलटं होतं, टॉवर चोक झाला की हवा कमी ओढली जाते आणि अँपिअर खाली येतात. लॉगशीटवर १२ चे ९ झाले आणि कोणी लिहिलं "ब्लोअर नॉर्मल, लोड कमी", तर तो टॉवर तुम्हाला आधीच सांगत होता की मी बंद होत आलोय.

आणखी एक बारीक लक्षण, पंपाच्या स्ट्रेनरमध्ये पॉल रिंगचे तुकडे. एखाद-दुसरा जुना तुकडा सोडा, पण दर साफसफाईला मूठभर निघत असतील तर ते लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

आता तपासणी, फुकट कामांपासून

सगळ्यात आधी मॅनोमीटर, म्हणजे डीपी मोजायची यू ट्यूब, खरं बोलतोय का ते बघा. दोन्ही नळ्या टॉवरवरून काढा, यू ट्यूबमधलं रंगीत पाणी दोन्ही बाजूला एका रेषेत आलं पाहिजे. नाही आलं तर नळीत बुडबुडा अडकलाय. मी अशीच एक नळी बघितलीय, मधोमध हरभऱ्याएवढा बुडबुडा, आणि त्याच्यापायी तीन शिफ्ट डीपी जास्त लिहीत होत्या. खालच्या टॅपिंगमध्ये (नळी टॉवरला जिथे लागते ते तोंड) तर कॉस्टिकचे क्षार बसतातच, तिथली नळी काढून पाण्याने फ्लश करा. तोंडाने कधीही फुंकू नका, त्या नळीत गॅस असतो.

मग खालची लेव्हल. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण पॅकिंगवर ज्याचं खापर फुटतं त्यातलं बरंच इथून निघतं. टॉवरच्या तळाला जमलेलं पाणी गॅस इनलेटच्या वर आलं की गॅस त्या पाण्यातून बुडबुडे काढत येतो, पाणी वर उडवतो, डीपी एकदम चढतो, आणि बाहेरून बघितलं तर हुबेहूब पॅकिंग चोक झाल्यासारखं दिसतं. गॅस इनलेटच्या पाइपपाशी कान द्या, गुडगुड आवाज आणि पाइपला धक्के जाणवत असतील तर पॅकिंगचा विचार सोडा. लेव्हल ग्लासवर भरवसा नको, त्याचं खालचं तोंड क्षाराने बंद असेल तर ग्लास महिनाभर तीच लेव्हल दाखवतो. त्यापेक्षा बॅच नसताना, गॅस पूर्ण बंद असताना सर्क्युलेशन पंप बंद करा आणि टाकीची लेव्हल किती आणि किती वेळात वाढते ते बघा. चांगल्या टॉवरमधून पॅकिंगवरचं पन्नास-शंभर लिटर पाणी पाच-सात मिनिटांत उतरून येतं. तीनशे-चारशे लिटर आलं, आणि ते पण अर्धा तास रडत रडत, तर टॉवरमधून टाकीत येणारी रिटर्न लाइन चोक आहे. ती लाइन उघडून साफ करायला दोन फिटर आणि एक दुपार पुरते.

थंडीत ही लाइन जास्त चोक होते, त्यालाही कारण आहे. सल्फर डायऑक्साइड कॉस्टिकमध्ये गेला की सल्फाइट होतं, हवेने त्याचं थोडं थोडं सोडियम सल्फेट होतं, आणि सोडियम सल्फेटची पाण्यात विरघळायची ताकद ३२ अंशांच्या खाली भराभर उतरते. मे महिन्यात जे द्रावण साफ दिसतं तेच जानेवारीत पहाटे पाइपात साखरेसारखे खडे धरतं. म्हणून हिवाळ्यात टाकी जास्त दिवस ओढू नका, आधी बदला.

पुढे पीएच आणि कॉस्टिकचा हिशोब. पीएच मीटरवर नाही, लॅबमधून अल्कलिनिटी (किती कॉस्टिक शिल्लक आहे ते) काढून बघा, टाकीतला पीएच प्रोब क्षाराने माखला की जुनंच काहीतरी दाखवत बसतो. थायोनिलचा हिशोब लक्षात ठेवायला फार सोपा आहे. ११९ किलो थायोनिलमधून ६४ किलो सल्फर डायऑक्साइड आणि साडेछत्तीस किलो एचसीएल सुटतो, आणि दोघांना पूर्ण धुवायला १२० किलो कॉस्टिक लागतं, शंभर टक्के धरून. म्हणजे जेवढं थायोनिल तेवढंच कॉस्टिक, किलोला किलो. आता २००० लिटरच्या टाकीत १० टक्के कॉस्टिक म्हणजे साधारण २२० किलो. बॅच ३०० किलो थायोनिलची असेल तर शेवटच्या तासात पीएच धाडकन पडणार, सल्फाइटचं बायसल्फाइट होणार, वायू घ्यायची ताकद संपत जाणार आणि वास चिमणीने गावात जाणार. यात टॉवरची काहीच चूक नाही. बॅच साइज वाढवली पण स्क्रबरची टाकी तीच ठेवली, असं मी तीन ठिकाणी बघितलंय, आणि तिन्ही ठिकाणी आधी पॅकिंग काढून धुतलं होतं. आणि रात्रभर बॅच नसताना नुसता ब्लोअर-पंप चालू ठेवला तरी हवेतला कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक खात राहतो, त्याचं कार्बोनेट होतं, ते वेगळंच.

कोणी म्हणेल की मग २० टक्के भरूया, टाकी बदलायची कटकट कमी. नका करू. कॉस्टिक जितकं जाड तितकं मीठ त्यात कमी विरघळतं, एचसीएलचं झालेलं मीठ पॅकिंगवरच बसतं.

आता पंप आणि नोझल. इथे प्रेशर आणि फ्लो दोन्ही एकत्र वाचायचे, एकटा प्रेशर गेज बघून काही कळत नाही. स्प्रे हेडरला प्रेशर जास्त आणि फ्लो कमी म्हणजे नोझल किंवा डिस्ट्रिब्युटर चोक. प्रेशर कमी आणि फ्लो जास्त म्हणजे नोझल गळून पडलंय किंवा आतला पाइप तुटलाय आणि पाणी एकाच जागी धो धो पडतंय. दोन्ही कमी म्हणजे पंप, तिथे स्ट्रेनर, इंपेलर, आणि मोटर नुकतीच रिवाइंड करून आली असेल तर फिरायची दिशा. पंप आणि ब्लोअर दोन्ही उलटे फिरले तरी थोडंफार काम करतच राहतात, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही, बाणाशी जुळवून एकदा बघाच.

फ्लो किती पाहिजे? रिंग नीट भिजायला काहीतरी किमान लागतं. २५ मिमीच्या रिंगचं पृष्ठफळ घनमीटरला साधारण २०५ चौरस मीटर, त्याला भिजायच्या किमान दराने, म्हणजे ०.०८ ने, गुणलं की ताशी १६ घनमीटर दर चौरस मीटरला, आणि ८०० मिमी टॉवरचं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर, म्हणजे ताशी निदान ८ घनमीटर. १० ठेवा. याच्या खाली गेलात की काही रिंग कोरड्या राहतात, गॅसला कोरडी वाट सापडते आणि तो तिथूनच निघून जातो. प्लास्टिकवर तर पाणी तसंही नीट पसरत नाही, थेंब थेंब होऊन ओघळतं.

एक केस सांगतो. डीपी ४० वर, नेहमीपेक्षा कमी, चिमणीला वास, पीएच ११, सगळे डोकं धरून बसलेले. टॉवरला बाहेरून हात लावून फिरलो तर एका बाजूने कोमट, दुसऱ्या बाजूने गार. न्यूट्रलायझेशनची उष्णता एकाच बाजूला निघत होती म्हणजे कॉस्टिक तिथेच पडत होतं. बॅच संपल्यावर परमिट काढून वरचं झाकण उघडलं, चारपैकी दोन नोझल बंद. त्यातल्या एकात रबरी हातमोज्याचं बोट, निळं, क्षाराने कडक झालेलं, अगदी बुचासारखं बसलेलं. टाकीत कॉस्टिकचे फ्लेक्स टाकताना कोणाचा तरी मोजा फाटून पडला असणार. त्या दिवसापासून मी पंपाच्या डिलिव्हरीला बास्केट स्ट्रेनर बसवल्याशिवाय कुठलाही स्क्रबर चालू करत नाही आणि टाकीचं झाकण उघडं दिसलं की ओरडतो.

फेस तपासायचा असेल तर टाकीतलं द्रावण काचेच्या बाटलीत अर्धं घ्या, झाकण लावून जोरात हलवा. फेस मिनिटभरात बसला तर ठीक, पाच मिनिटं तसाच उभा राहिला तर रिॲक्टरमधून सॉल्व्हंट नाहीतर साबणासारखं काहीतरी येतंय. अँटीफोम घालून आजचा दिवस निघेल, पण खरा इलाज व्हेंट कंडेन्सरला (रिॲक्टरची वाफ थंड करून परत पाडणाऱ्याला) आहे, त्याचं चिलिंग बघा.

एवढं सगळं झाल्यावर पॅकिंग

इथपर्यंत काहीच सापडलं नाही आणि डीपी खरोखर वाढलेला असेल तरच पॅकिंगकडे वळा. ड्राय डीपी घ्या, म्हणजे बॅच नसताना, आत गॅस नसताना, पंप बंद करून, पाणी पूर्ण उतरू देऊन, नुसता ब्लोअर नेहमीच्या डॅम्परवर (हवा कमी-जास्त करायच्या झडपेवर) चालवा आणि आकडा लिहा. नवीन पॅकिंगच्या वेळचा आकडा असेल तर ताडून बघा. ड्राय डीपीच वाढलाय म्हणजे आत घट्ट थर आहे किंवा रिंग चेपल्यात. ड्राय नॉर्मल आणि ओला वाढतोय म्हणजे पाणी, फेस, लेव्हल, परत वरच्या तपासण्यांकडे जा. तुलना करताना हवेचा फ्लो सारखा पाहिजे हं, कारण हवा दुप्पट झाली की डीपी जवळजवळ चौपट होतो.

थर कशाचा आहे ते न बघता ॲसिड ओतू नका. हे मी हात जोडून सांगतोय. कॉस्टिक स्क्रबरमध्ये सल्फाइट असतं, त्यावर ॲसिड पडलं की साठवलेला सगळा सल्फर डायऑक्साइड एकदम परत सुटतो, आणि स्क्रबर हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइटचा) असेल तर क्लोरिन सुटतो. टॉवरच्या प्लॅटफॉर्मवर उभा असलेला हेल्पर पळणार कुठे? आधी लॅबच्या फ्यूम हूडमध्ये चमचाभर थर पातळ एचसीएलमध्ये टाका. नुसता फसफसला तर कार्बोनेट. फसफसून वर धरलेला ओला पीएच पेपर लाल झाला तर सल्फाइट आहे. काहीच झालं नाही तर कॅल्शियम सल्फेट किंवा चिकट ऑरगॅनिक, त्याला ॲसिडने काही होत नाही.

टॉवरसाठी क्रम असा, द्रावण पूर्ण काढा, मग ४०-५० अंशांचं साधं पाणी चार-पाच तास फिरवा आणि बदला. सोडियमचे सगळे क्षार गरम पाण्यात जातात, बऱ्याचदा काम इथेच संपतं. पाणी न्यूट्रल येईपर्यंत धुवा. त्यानंतरही कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर उरला तरच ३ ते ५ टक्के ॲसिड, ते पण प्रोसेसच्या माणसाने लेखी पद्धत काढून, ब्लोअर चालू ठेवून, निघणारा गॅस दुसऱ्या चालू स्क्रबरला जोडून. आणि पाणी ६० च्या वर नेऊ नका, पीपीच्या रिंग गरम झाल्या की वरच्या वजनाने खाली चेपतात, मग धुवून काही उपयोग नाही, नवीनच भराव्या लागतात.

कॅल्शियम येतो कुठून हा प्रश्न विचारला तरच हे चक्र थांबतं. एका प्लांटला दर मार्च-एप्रिलमध्ये टॉवर चोक व्हायचा, वर्षातून दोनदा पॅकिंग बाहेर काढून अंगणात पसरून धुवायचे, रिंगवर भिंतीला चुना द्यावा तसा थर. सगळ्यांनी कॉस्टिकच्या क्वालिटीला दोष दिला. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की मेकअपला, म्हणजे टाकीत भर घालायला, टँकरचं बोअरचं पाणी घालायचे आणि त्याची हार्डनेस (त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) कोणी बघत नव्हतं. कॉस्टिकमध्ये असं पाणी पडलं की कॅल्शियम-मॅग्नेशियम तिथल्या तिथे खाली बसतात. मेकअपला स्टीम कंडेन्सेट जोडून दिलं, पुढच्या उन्हाळ्यात पॅकिंग काढायची वेळच आली नाही. हार्डनेसचं टेस्ट किट काही शे रुपयांत येतं, आणि पॅकिंग काढून भरायला दोन दिवस प्रॉडक्शन बंद ठेवावं लागतं.

इथे थांबा, माणूस बोलवा

टॉवरच्या आत उतरायचं असेल तर थांबा. नुसतं डोकं आत घालणं हे पण उतरणंच आहे. फॅक्टरीज ॲक्ट १९४८ च्या कलम ३६ मध्ये हे स्पष्ट होतं (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली), सक्षम माणसाने तपासून लेखी सर्टिफिकेट द्यायचं, नाहीतर श्वसनयंत्र आणि दोरी बांधलेला पट्टा, ज्याचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. सल्फर डायऑक्साइड १०० पीपीएमला आणि एचसीएल ५० पीपीएमलाच जिवावर बेततो. ओल्या पॅकिंगमधून गॅस तासन् तास सुटत राहतो, सकाळी मीटरने ओके दाखवलं म्हणून दुपारी ओके असेल असं नाही. रात्रपाळीत हे काम काढूच नका.

स्ट्रेनरमध्ये रिंगचे तुकडे सारखे येतायत, वरच्या साइट ग्लासमधून पॅकिंगची पातळी खाली गेलेली दिसतेय, तर सपोर्ट ग्रिड (पॅकिंग पेलणारी खालची जाळी) तुटली असू शकते. ते वजन कधीही खाली येईल, फॅब्रिकेटरला बोलवा, तोपर्यंत टॉवर बंद. एफआरपीच्या अंगावर फोड, घाम आल्यासारखी ओल, किंवा चीर दिसली तरी तसंच, वरून एम-सील लावून चालवू नका. क्लोरिन, एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड), फॉस्जीनच्या लाइनवर यातलं काहीही स्वतःच्या डोक्याने करू नका. आणि स्टीलचा उंच कॉलम असेल, आत कुठे फ्लड होतोय ते उघडल्याशिवाय कळायला हवं असेल तर गॅमा स्कॅन करतात, पण ते रेडिओॲक्टिव्ह सोर्सचं काम आहे, एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी असलेल्या एजन्सीकडूनच करून घ्यायचं.

सगळं तपासून झालं आणि तरीही बॅचच्या मध्यावर चिमणीला वास येतोच, तर टॉवर लहान पडतोय, डिझाइन करणाऱ्याला बोलवा. त्याला देताना बॅच साइज, गॅस किती तासात सुटतो, हवेचा फ्लो, पाण्याचा फ्लो, ओला आणि ड्राय डीपी हे एका कागदावर द्या. त्यातला ड्राय डीपी नव्या पॅकिंगचा लागतो आणि तो नेमका कोणाकडेच नसतो, म्हणून यावेळी रिंग बदलल्या असतील तर पंप चालू करायच्या आधी ब्लोअर दहा मिनिटं चालवा, डॅम्परची पोझिशन, अँपिअर आणि मिमी लिहा, आणि टॉवरच्या खांबावरच पेंटने तारखेसकट लिहून ठेवा, लॉगबुक हरवतात.